खिडक्यांवरचे मथळे

सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत घडी करून खोचलेली जुन्या वर्तमानपत्राची पट्टी हलत होती. फार नाही. नखाच्या जाडीइतकी आत यायची, थांबायची, मागे जायची. बाहेर वारा नव्हता. समोरच्या टॉवरच्या गच्चीवरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता, म्हणजे धुरक्यातून त्याचा जेवढा भाग दिसत होता तेवढा. शालिनीने चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टीसमोर बोट धरलं. बोटाला गार लागलं. काल संध्याकाळी खळ लावून, वरून चिकटपट्टी मारून बुजवलेली फट पुन्हा उघडली होती आणि खालच्या पांढऱ्या फरशीवर राखी रंगाची बारीक रेघ साचली होती.

"अहो, एक पट्टी सुटलीय," ती म्हणाली.

"कुठली? कांदा की यमुना?" आतून पद्माकरांचा आवाज आला.

शालिनीने वाकून पट्टीवरची अक्षरं वाचली. "टेलिफोन."

"मग बरोबर. त्या खात्याचं कुठलंच काम एका अर्जात झालेलं नाही. पुन्हा लावतो."

गेल्या काही हिवाळ्यांपासून फरीदाबादच्या या फ्लॅटमध्ये दिवाळी झाली की खिडक्या बुजवण्याचा कार्यक्रम व्हायचा. आधी टॉवेल कोंबून झाले, मग फोमच्या पट्ट्या झाल्या. यंदा पद्माकरांनी दिवाणाची फळी स्वतः उचलली आणि आतले गठ्ठे बाहेर काढले. एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात त्यांची सगळी नोकरी गेली. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं आणि त्यावर मथळा द्यायचा, हे काम. पेपर तिकडे महाराष्ट्रात छापला जायचा आणि दिल्लीला पोचेपर्यंत शिळा व्हायचा. आपला मथळा असलेलं पान पद्माकर बाजूला ठेवत. तो ढीग सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून, जे शालिनीच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीमुळे मिळालं होतं, इथे फरीदाबादला आला. शालिनीने कितीदा तरी रद्दीवाल्याचं नाव काढलं असेल. पण यंदा ते आपण होऊन म्हणाले, "घे. निदान माझे मथळे कशाच्या तरी कामाला येतील."

खळही त्यांनीच शिजवली होती. गव्हाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून निळं मोरचूद घातलेली. कार्यालयातला कातरणं चिकटवणारा माणूस तशी करायचा. "ही खळ सुटणार नाही. भिंत पडेल, कागद राहील," असं ते अभिमानाने सांगत.

त्यामुळे आता घरभर मथळे होते. काही सुलटे, काही उलटे, काही आडवे. दिवसाही दिवे लावावे लागत आणि कागदातून येणारा उजेड दुधाच्या चहासारखा दिसे. शालिनीला तो उजेड आवडत नव्हता, पण त्याला पर्याय नव्हता म्हणून ती काही बोलत नव्हती.

"आजोबा, अब ये वाला!" अवनी सोफ्यावर उभी राहून ओरडली.

अवनी म्हणजे त्यांच्या मुलाची, सिद्धांतची, मुलगी. हवेमुळे शाळा बंद, वर्ग टॅबवर. आई-वडील गुरुग्रामच्या ऑफिसात. त्यांच्या घरी खोलीगणिक हवा शुद्ध करणारं यंत्र होतं, पण माणूस नव्हतं. म्हणून पोरगी सकाळीच इथे आणून सोडली होती. आवाज बंद केलेल्या टॅबवर बाई काहीतरी शिकवत होत्या.

"सोफ्यावरून उतर आणि वाच," पद्माकर हात पुसत बाहेर आले.

"मा-क-डां-चा... उ-प-द्र... आजोबा, हा शेवटचा वर्ड हार्ड आहे."

"उपद्रव. 'राजधानीत माकडांचा उपद्रव, समिती नियुक्त'. माझा आहे."

"उपद्रव म्हणजे?"

"म्हणजे तू."

"आजोबा, यार! मग काय झालं?"

हाच तो खेळ. सिद्धांत लहान असताना रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर चालायचा. पद्माकर जुनं पान उलगडून मथळा वाचत, कुणीतरी "मग काय झालं?" विचारायचं, आणि मग ते पुढचं सगळं सांगत, जे कधीच झालेलं नसे. शालिनी आत इस्त्री करता करता हसायची. खरं सांगायचं तर तिने या माणसाला होकारही या गुणावरच दिला होता. त्यांची पहिली भेट झाली तेव्हा समोर कांदेपोह्यांची बशी असताना त्यांनी बशीखालच्या पेपरातला मथळा वाचून पुढची हकीकत सांगितली होती आणि तिच्या कडक वडिलांना ठसका लागला होता.

"मग काय, समिती बसली," पद्माकर खुर्चीत बसले. "अध्यक्ष एक निवृत्त सचिव. पण कुणीतरी आक्षेप घेतला की माकडांची बाजू कोण मांडणार? म्हणून दोन माकडं सदस्य म्हणून घेतली."

"सच्ची?"

"बिल्कुल. पहिल्याच बैठकीत चहा-बिस्किटं आली. बिस्किटं माकडांनी खाल्ली, चहा सचिवांनी प्यायला. इतिवृत्तात लिहिलं, चर्चा सौहार्दाच्या वातावरणात झाली. मग माकडं म्हणाली, आम्हाला दौऱ्यावर जायचंय, प्रवासभत्ता द्या. दौरा कुठे? शिमल्याला. तिथली माकडं बघायला."

अवनी सोफ्यावर आडवी होऊन हसत होती.

"शेवटी अहवाल आला. शिफारस एकच. दिल्लीत माणसांचा उपद्रव फार झालाय, सबब माणसांना टप्प्याटप्प्याने हलवण्यात यावं."

"मग हलवलं?"

"अंमलबजावणी लवकरच," पद्माकर म्हणाले.

शालिनी हसली, आणि हसण्याच्या शेवटी खोकली. खोकला लांबला. तिने पाठ वळवली आणि खिडकीच्या कागदाकडे तोंड करून तो संपू दिला.

'लवकरच' हा पद्माकरांचा आवडता शब्द होता. त्यांच्या कार्यालयात एक शिरस्ता होता: मथळ्यात तारीख घालायची नाही. तारीख घातली की ती उलटते आणि वाचकांची पत्रं येतात. 'लवकरच' लिहिलं की कुणी काही विचारू शकत नाही. शालिनीच्या प्रयोगशाळेत बरोबर उलटा नियम होता. गोल गाळणकागदावर हवेतली दिवसभराची धूळ जमायची, ती काट्यावर तोलायची आणि नोंद करायची. ज्या नोंदीवर तारीख नसेल ती नोंद साहेब सरळ खोडून टाकत. दोघांनी आपापल्या जागी आपापला नियम निष्ठेने पाळला होता. घरात मात्र नियम एकच चालला, पद्माकरांचा.

तिच्या छातीचं दुखणं तीन हिवाळ्यांपूर्वी सुरू झालं. आयुष्यभर धूळ मोजलेल्या बाईला धुळीनेच धरावं, यात पद्माकरांना मथळा दिसला होता आणि तिलाही हसू आलं होतं. डॉक्टर मात्र हसले नव्हते. ते म्हणाले होते, मॅडम, नवंबर से फरवरी, यहाँ मत रहिए. औषधं मी देईन, पण हवा माझ्याकडे नाही. शालिनीची धाकटी बहीण अलकनंदा कऱ्हाडला होती. तिच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. ती दर दसऱ्याला विचारायची, "ताई, कधी येतेस? गाद्या उन्हात घालायला हव्यात." आणि शालिनी दर दसऱ्याला म्हणायची, "कळवते."

कळवायचं ते आधी पद्माकरांना कळवायला हवं होतं, आणि तिथेच घोडं अडत होतं. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते रागवत नसत. आजही सकाळी चहा पिताना तिने सुरुवात केली होती.

"अलकाचा फोन होता काल."

"काय म्हणते?"

"तेच. वरच्या खोल्यांना रंग दिलाय म्हणे. मी म्हणत होते की यंदा आपण..."

पद्माकरांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि हवेत बोटाने चौकट काढली. "'शालिनीबाईंच्या स्थलांतराचा प्रस्ताव विचाराधीन; निर्णय लवकरच'. तीन कॉलम. खाली फोटो."

"फोटो कशाचा?"

"रंग दिलेल्या खोल्यांचा."

ती हसली. हेच होत असे. एकदा हसल्यावर तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या आवाजात म्हणायची तिला सवय नव्हती. कागद लावलेल्या खोलीत तिला जितकं कोंडल्यासारखं वाटे, त्याहून जास्त त्या हसण्यात वाटे. त्यांना का जायचं नाही हेही तिला कळत होतं. सेक्टरच्या बागेतल्या बाकावर त्यांचे पाच-सहा श्रोते होते. अर्धे पंजाबी, एक बंगाली. हिंदीत भाषांतर करून ते त्यांना माकडांची समिती ऐकवत. कऱ्हाडला ते फक्त शालिनीताईंचे मिस्टर झाले असते. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

दुपारी जेवायला वरणभात, उकडलेला दुधी आणि तूप होतं. अवनीने ताटाकडे पाहिलं.

"आजी, ये तो पेशंटवाला खाना आहे."

"फोडणीवर बेमुदत बंदी आहे," पद्माकर म्हणाले. "जनतेत तीव्र नाराजी."

बंदी शालिनीची होती. सिद्धांतने हवा मोजायची एक छोटी डबी आणून दिली होती, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे आकडे दिसायचे. खिडक्या बुजवल्यावर आकडा खाली आला तेव्हा तिला प्रयोग जमल्याचा आनंद झाला होता. पण त्याच संध्याकाळी तिने आमटीला फोडणी दिली आणि डबीतला आकडा बाहेरच्या रस्त्यापेक्षा वर गेला. बंद घरात धूर जाणार कुठे? तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. आधी मोहरी, मग नुसतं हिंग, मग नुसतं तापलेलं तेल. निष्कर्ष बदलला नाही. त्या दिवसापासून घरात चुरचुर असा आवाज झाला नव्हता. पद्माकर तूप घालून जेवत, पण पानावरून असे उठत, जणू काहीतरी हरवलं आहे.

जेवण झाल्यावर शालिनी आतल्या खोलीत आडवी झाली. उश्या उंच रचून, अर्धवट बसल्यासारखी. अलीकडे सपाट झोपता येत नसे. लोटलेल्या दाराआडून बाहेरची कुजबुज ऐकू आली, पण तिचे डोळे मिटत होते.

"अवनी, एक सीक्रेट सांगू?"

"अच्छा, बोलो."

"संध्याकाळच्या आमटीला आपण फोडणी देऊ. छोटीशी. आजी उठायच्या आत वास जाईल."

"आणि डबी?"

"डबीवर टोपी घालू."

डबीवर त्यांनी खरोखरच लोकरीची टोपी घातली. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. धूर बाहेर फेकणारा पंखा जिथे होता ते भोक पद्माकरांनीच दिवाळीनंतर दोन पदरी कागदाने बुजवलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. इतक्या दिवसांची भूक होती, त्यामुळे तेल जरा जास्त तापलं, मोहरी उड्या मारू लागली, आणि वर दोनाऐवजी मूठभर सुक्या मिरच्या पडल्या. आधी अवनी शिंकली. मग पद्माकरांना ठसका लागला, आणि ठसक्यात त्यांनी दार उघडलं.

शालिनीला जाग आली ती घसा बंद झाल्यामुळे. तिला काळजी वाटली नाही. पहिले काही क्षण फक्त नवल वाटलं, की हवा आत येत नाहीये म्हणजे नेमकं कुठे अडते आहे. मग खोकला आला आणि विचार थांबला. ती भिंत धरून बाहेर आली. दिवाणखाना निळसर झाला होता. टोपीच्या आत डबी टीं टीं करत होती.

"खिडकी," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

पद्माकर खिडकीकडे धावले. तावदान सरकवायला गेले तर ते हलेना. खाचेत टेलिफोन खोचलेला होता. सकाळीच त्यांनी तो पुन्हा, नीट दाबून, खळ भरून बसवला होता. त्यांनी कागदाला नखं लावली. वरचा पापुद्रा निघाला, खालचा राहिला. दुसरी खिडकी. यमुना. तीही हलेना. ते दोन्ही हातांनी ओरबाडत होते आणि तोंडाने "अरे, अरे, अरे" एवढंच म्हणत होते. मथळ्यांचे तुकडे जमिनीवर पडत होते, पण काचेला लागून असलेला कागद काचेचाच झाला होता.

"आजोबा, दरवाजा! मेन दरवाजा!" अवनी किंचाळली आणि स्वतःच धावत जाऊन तिने घराचं दार उघडलं.

बाहेर लिफ्टसमोरची मोकळी जागा होती. शालिनी तिथे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. अवनीने टीपॉयवरून औषधाच्या फवाऱ्याची नळी, इन्हेलर, आणली. शालिनीने ती हलवली, तोंडात धरली, दाबली, श्वास रोखला, सोडला. पुन्हा एकदा. तिथली हवाही काही चांगली नव्हती; जिन्याच्या जाळीतून तोच धुरकट पांढरेपणा दिसत होता, जळक्या पाल्याचा वास होता. पण ती आत येत होती. थोडी थोडी, शिट्टी वाजवत.

पद्माकर दारात उभे होते. एका हाताच्या नखांतून रक्त आलं होतं आणि दोन्ही हातांना निळसर खळ लागली होती. चेहरा इतका उतरला होता की अवनी त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं, "सब ठीक है, आंटी जी?" असा आवाज आला, आणि शालिनीने मान हलवल्यावर ते पुन्हा लागलं.

"मी गॅस बंद केला," पद्माकर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टरांना फोन करू?"

शालिनीने हाताने नको म्हणून सांगितलं.

ते तिच्या शेजारी, एक पायरी सोडून बसले. लिफ्ट वर गेली, खाली आली. या घरात आजोबा गप्प बसल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती आत गेली आणि जमिनीवरचा एक तुकडा उचलून घेऊन आली. पानाचा वरचा भाग होता. कडा पिवळी पडलेली, मधे ठळक अक्षरं.

"आजोबा, हा वाचू?" तिने हळूच विचारलं. आणि वाचायला लागली. "दि-ल्ली-ची हवा... सु-धा-र-णार. कृ-ती... आ-रा-ख-डा... लवकरच." हा शब्द तिने एका दमात वाचला, सकाळपासून तो ओळखीचा झाला होता. "आजोबा, ये तो आजचीच न्यूज आहे."

"आजची नाही," पद्माकर म्हणाले. "तुझा बाबा तेव्हा तुझ्याएवढा होता."

"मग काय झालं?"

पद्माकरांनी तोंड उघडलं. मग ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"मी सांगते," शालिनी म्हणाली.

दोघांनीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं. या खेळात तिने कधी काही सांगितलं नव्हतं.

"आराखडा झाला," ती म्हणाली. दर वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं. "चांगला होता. त्यात आमच्या प्रयोगशाळेची मापं होती. काही मी स्वतः घेतलेली. दिल्लीतल्या आयटीओच्या गजबजलेल्या चौकात गाळणकागद लावायचो. सकाळी पांढरा, संध्याकाळी काळा. मी घरी येऊन आजोबांना सांगितलं, हे वाढत जाणार आहे."

"सांगितलं होतंस," पद्माकर म्हणाले.

"आजोबांनी मथळा दिला. आम्ही तो पेपर आल्यावर वाचला, खेळ खेळलो, खूप हसलो. त्यांनी सांगितलं होतं, हवा इतकी स्वच्छ झाली की कुतुबमिनारवरून लोकांना पुणं दिसायला लागलं आणि पुण्याचे लोक म्हणाले, आमच्याकडे बघू नका, आमची झोपायची वेळ आहे."

अवनी फसकन हसली. पद्माकर हसले नाहीत.

"मग?" अवनीने विचारलं.

"मग काहीच झालं नाही. मग आम्ही फरीदाबादला आलो. मग आजीची छाती भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, जा. अलकाआजी म्हणाली, ये. आजी दर वर्षी सांगायला जायची आणि दर वर्षी हसून परत यायची." तिने श्वास घेतला, शिट्टी आता जरा बारीक झाली होती. "गोष्ट इथपर्यंत आलीय."

"मग काय झालं, आजी? एंड सांग ना."

पद्माकरांनी निळे हात गुडघ्यांवर पुसले. मान वर न करता, सवयीने, हवेत बोट उचललं. पण चौकट पुरी झाली नाही. बोट अर्ध्यावर थांबलं. "शालिनीबाई लवकरच..." ते म्हणाले.

"लवकरच नाही," शालिनी म्हणाली. "तारीख घाला. येत्या बुधवारी मी कऱ्हाडला जातेय. थंडी सरेपर्यंत तिथेच राहणार, आणि दर वर्षी राहणार. तुम्ही आलात तर मला हवंच आहे. नाही आलात, तरी मी जाणार आहे."